स्वयंपाकघराच्या दाराची चौकट: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सोसायटीच्या सभेत तारीख ठरली. मेअखेर घरं रिकामी करायची, त्यानंतर इमारत पाडणार. कोथरूडातली १९८६ सालची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. सासूबाईंना आता जिने झेपत नाहीत, त्यामुळे पुनर्विकासाला आमच्या घरातून हो म्हणणारी पहिली मीच. सामानाची यादी, भाड्याचं घर, टेम्पो हे सगळं मुलांचे बाबा बघतायत. मी एकच काम मागून घेतलं: स्वयंपाकघराच्या दाराची चौकट.

तिच्या डाव्या उभ्या लाकडावर २००९ पासून दोन्ही मुलांची उंची लिहिलेली आहे. थोरली दोन वर्षांची असताना पहिली रेघ मारली. मधे दोनदा घर रंगवलं, दोन्ही वेळा रंगाऱ्याच्या शेजारी उभी राहून तेवढं लाकूड सोडायला लावलं. म्हणून उजवी बाजू फिकट पिवळ्या ऑइलपेंटची आणि डावी उघड्या सागवानाची. नवीन येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारतोच.

ठरलेलं काम असं: आधी सगळ्या खुणांची नीट नक्कल आणि फोटो, मग सुतार बघून लाकूड सही-सलामत उतरवणं, मग ते दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात सांभाळणं आणि नव्या घरात पुन्हा उभं करणं.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर चौकटीसमोर पाट घेऊन बसले आणि खालून वर सगळं वाचलं. रेघांच्या बाजूला काय काय लिहिलंय ते इतक्या वर्षांत सलग कधी वाचलंच नव्हतं.

वाढदिवसाची एकही खूण नाही. बारसं, उष्टावण, बोरन्हाण, वाढदिवस, सगळ्याचे फोटो अल्बमात आहेत, त्यात मुलं नवे कपडे घालून कॅमेऱ्याकडे बघतायत. चौकटीवर मात्र असे दिवस आहेत ज्यांचा कुणी फोटो काढला नसता. "जून २०१३. उद्या शाळा. दप्तर लाल हवं होतं, निळं मिळालं." "वीज गेली आहे." "ताप उतरला, वरणभात मागितला." "खालचा दात हलतोय, दाखवत नाही." "दोघं भांडले, म्हणून दोघांना एकाच वेळी मोजलं." एके ठिकाणी तर नुसतं "कंटाळा आलाय" असं धाकट्याच्या अक्षरात, त्यातला ळ उलटा.

मला ते दिवस आठवतात का? बरेचसे नाही आठवत. पण "वीज गेली आहे" वाचलं आणि मेणबत्तीच्या उजेडात थोरली टाचा भिंतीला टेकवून, श्वास रोखून उभी असलेली दिसली. श्वास रोखला की उंची वाढते असं तिला वाटायचं. हे मला अल्बमातल्या कुठल्याही फोटोने परत दिलं नसतं.

सर्वांत दाट खुणा २०२० च्या मार्चनंतरच्या. शाळा बंद, घरात कोंडलेली दोन मुलं, आणि रोज उठून "आई, मोज". त्या महिन्यांतल्या रेघा एकमेकींवर चढल्या आहेत. १२९ च्या आसपास धाकट्याच्या इतक्या रेघा आहेत की लाकूड काळं दिसतं. बाहुलीचीही उंची आहे, तळापासून वीतभरावर. गच्चीवरच्या मांजरीचीही, ती मात्र अंदाजे.

आजींच्याही दोन खुणा आहेत. २०१४ मध्ये १५१, २०२२ मध्ये १४९. धाकट्याने तेव्हा घाबरून विचारलं होतं, "आजी लहान होतेय का?" चाळिशीनंतर माणसाची उंची दर दहा वर्षांत साधारण सेंटिमीटरभर कमी होते आणि म्हातारपणी जरा जास्त वेगाने, मणक्यांमधल्या चकत्या दबतात म्हणून. त्या दिवशी सासूबाईंनीच त्याला समजावलं होतं, "मी खाली येतेय, तू वर जा."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून मुलं आली, तेव्हा कामाला सुरुवात केली.

सगळ्यात आधी शंभर सेंटिमीटरची रेघ. चौकटीचे पाय फरशीच्या खाली गेलेले आहेत. सुतार लाकूड काढेल तेव्हा तळाला कुठे कापेल ते आज सांगता येत नाही आणि तळ कापला गेला की सगळ्या उंच्या निरर्थक. म्हणून आजच, फरशी जागेवर असताना, स्टीलच्या टेपने बरोबर शंभरवर गुण्याने आडवी रेघ मारली, मऊ पेन्सिलने, बाजूच्या कडेवर. उद्या तळ चार बोटं कमी झाला तरी या रेघेवरून सगळं पुन्हा मांडता येईल. ही कल्पना धाकट्याची. त्याच्या भूमितीच्या पुस्तकाने असा उपयोग दाखवला.

मग ट्रेसिंग पेपर. रोल आणला, वरून खाली कागदाच्या चिकटपट्टीने लावला. साधी सेलोटेप लाकडाचा तुकडा आणि त्यावरची पेन्सिल दोन्ही उपटून आणते, ती लावायची नाही. रेघा थोरलीने गिरवल्या, अक्षरं मी. अक्षर जसं आहे तसंच गिरवायचं ठरलं, उलटा ळ उलटाच.

फोटोंसाठी खुर्चीवर फोन, चौकटीपासून एकाच अंतरावर, खाली-वर सरकवत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येईल असा. शेजारी टेप लटकत ठेवली, म्हणजे फोटोतच माप राहतं. समोरून फ्लॅश टाकला तर पेन्सिल चकाकते आणि दिसत नाही. खिडकीचा बाजूने येणारा उजेड सर्वांत चांगला.

शाईंची अवस्थाही लिहून ठेवते. पेन्सिल जशीच्या तशी, ते शिसं नव्हे, ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच, उजेडाने उडत नाही. बॉलपेन फिकटलंय. स्केचपेनने लिहिलेलं अर्धं कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलेल्या जागी गेलंय. २०१६ ची दोन वाक्यं तर आता वाचताच येत नाहीत. थोरलीला त्यातलं एक पाठ होतं, ते तिने नकलेत कंस करून लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मंगळवारपासून बारावीची परीक्षा. काम बंद. ट्रेसिंगची गुंडाळी कपाटावर.

२ मार्च, रविवार

थोरलीचा एक पेपर झाला, पुढच्याला मधे दिवस आहेत. तिनेच म्हटलं, डोकं दुसरीकडे लावू. तक्ता करायला बसलो.

चौकट दोन वर्षांच्या वयापासून सुरू होते. त्याआधीचं लसीकरणाच्या कार्डांवर आहे, डॉक्टरांच्या अक्षरात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला आडवं निजवून मोजतात आणि त्यानंतर उभं करून. निजलेल्या मापापेक्षा उभं माप साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी भरतं, म्हणून कार्डावरचे आकडे आणि चौकटीवरचे आकडे एका रांगेत लिहिताना तेवढं वजा करायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे वाढीचे तक्ते दिले त्यात हा फरक धरला आहे. त्या तक्त्यांसाठी सहा देशांतली मुलं मोजली होती, आपल्याकडची दक्षिण दिल्लीतली.

आकडे मांडल्यावर दोन गोष्टी ठळक दिसल्या. जन्माच्या वेळी पन्नासच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वर्षात जवळपास पंचवीस सेंटिमीटर वाढतं. पुढे हा वेग घसरत वर्षाला पाच-सहावर येतो आणि वयात येताना पुन्हा उसळतो, मुलींचा आधी, मुलांचा दोनेक वर्षांनी. थोरलीची उसळी २०१८ ते २०१९ मध्ये, १४३ वरून १५०.५. त्या वर्षी तिचे गणवेशाचे स्कर्ट वाढत्या अंगाचे घेऊनही पुरले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीतच दुमड उसवली आणि खाली निळ्या कापडाची गर्द रेघ राहिली, बाकीचं धुऊन विटलेलं. त्या रेघेवरून वर्गात तिला कुणीतरी हसलं, तर ती घरी येऊन म्हणाली, "माझी चूक नाही, माझे पाय वाढले." चौकटीवर हे वाक्य नाही, म्हणून इथे लिहितेय.

धाकट्याची उसळी आता चालू आहे. जानेवारीत १५७.२. मला त्याने मागच्याच वर्षी गाठलं, मी १५६.

थोरलीने जीवशास्त्राच्या वाचनातून एक माणूस शोधून आणला. फिलिबेर गेनो द मोंबेयार, अठराव्या शतकातला फ्रेंच. याने १७५९ ते १७७७ स्वतःच्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजली. बफॉन या निसर्गशास्त्रज्ञाने ती आपल्या ग्रंथात छापली. एकाच मुलाची सलग वाढ नोंदलेली जगातली ही पहिली नोंद मानतात आणि तिच्यावरून काढलेला आलेख वाढीच्या अभ्यासाच्या पुस्तकांत आजही असतो. उन्हाळा, हिवाळा, अठरा वर्षं, एक बाप आणि एक मुलगा. मला त्या बापाचा फार जिव्हाळा वाटला. पण तक्त्यात नुसते आकडे आहेत. त्या दिवशी मुलाने काय खाल्लं, कशावरून हट्ट केला, मोजताना हसला का, काही नाही. थोरली म्हणाली, "आपल्या चौकटीवर ते आहे."

म्हणून तक्त्यात शेवटचा रकाना वाढवला: "त्या दिवशी". चौकटीवरचं, आठवणीतलं, आजींनी सांगितलेलं, सगळं त्यात. माझ्या मते तक्त्याचा जीव त्याच रकान्यात आहे. आकडा डॉक्टरांकडेही सापडेल.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

या घरातला शेवटचा पाडवा. गुढी गॅलरीत उभारली, श्रीखंड झालं.

दुपारी उजव्या बाजूचाही एक फोटो असावा म्हणून घेत होते. धाकट्याने मोबाइलची विजेरी लाकडाला अगदी चिकटवून तिरकी धरली, तर ऑइलपेंटखाली खाचा दिसल्या. समोरून बघितलं तर काहीच नाही, तिरक्या उजेडात स्पष्ट. जोडी-जोडीने. एक सत्तरच्या आसपास, तिच्याखाली एक पस्तीसच्या. थोडं वर पुन्हा अशीच जोडी, अजून वर आणखी एक.

आम्हाला काही अंदाज लागेना. एवढ्या कमी उंचीची मुलं आणि जोडीने का? सासूबाईंना बोलावलं. त्यांनी बोटांनी चाचपलं आणि लगेच ओळखलं.

"अगं, या तुझ्या नवऱ्याच्या चड्ड्या."

इमारत नवी होती तेव्हा हे सात वर्षांचे. शाळेची खाकी अर्धी चड्डी सासूबाई घरीच शिवायच्या. टेप कमरेला लावला की पोराला गुदगुल्या व्हायच्या आणि पळून जायचा. म्हणून त्याला दाराला टेकवून उभं करायच्या, चाकूच्या टोकाने कमरेशी एक खाच, गुडघ्याशी एक खाच, आणि तो शाळेत गेला की निवांत टेप लावून दोन खाचांतलं अंतर घ्यायच्या. वरची खाच ते खालची खाच, म्हणजे चड्डीची लांबी, त्यात दोन बोटं दुमडीला.

मी म्हटलं, "आई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"त्यात सांगायचं काय? हौस म्हणून नव्हत्या केल्या. शिवायला लागायचं माप."

पण नंतर बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या. तिसऱ्या जोडीवर बोट ठेवून म्हणाल्या, ही पाचवीची, त्या वर्षी याने सायकलवरून पडून दोन्ही गुडघे फोडून घेतले होते आणि चड्डी मुद्दाम लांब ठेवायला लावली होती, पट्ट्या दिसू नयेत म्हणून. मुलांचे बाबा स्वयंपाकघरात आले तर त्यांना हे काहीच आठवेना. आईला सगळं आठवत होतं.

कामाची व्याप्ती वाढली. आता दोन्ही बाजू उतरवायच्या. रंग खरवडायचा नाही. खाचा रंगाखालीच सुरक्षित आहेत. त्यांची नक्कल कागदावर मऊ पेन्सिल आडवी घासून घेतली, छान उठली.

१३ एप्रिल, रविवार

सुतारकाका बघून गेले. त्यांचं म्हणणं असं की लाकूड अस्सल सागवान आहे, रंधा मारून, पॉलिशपेपर फिरवून, फ्रेंच पॉलिश केलं की नव्यासारखं होईल आणि ते तेवढं फुकट करून देतील. मनापासून सांगत होते. त्यांना चौकटीवरचं वाचून दाखवलं. "कंटाळा आलाय" वर थांबले. त्यांची मुलगीही आठवीत आहे म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "ताई, याला हत्यार लावायचं नाही."

पॉलिशचा प्रश्न तरीही तपासला. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आणि बॉलपेनची शाई स्पिरिटने पसरते. तळाच्या कोपऱ्यात बॉलपेनने एक रेघ ओढून त्यावर स्पिरिटचा थेंब टाकला, निळा डाग झाला. म्हणजे पॉलिश नाही, तेल नाही. कोरडा मऊ ब्रश, बस्स.

४ मे, रविवार

एक अडचण. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराने दारं, खिडक्या, चौकटी आपल्या हिशेबात धरलेल्या असतात. जुन्या सागवानाला चांगला भाव येतो. त्यांच्या माणसाने सांगितलं, सभासदांना काढता येणार नाही. सोसायटीच्या कार्यालयात अर्ज दिला, सोबत फोटो जोडले. सचिवांनी फोटो बघून मंजुरीचं पत्र त्याच दिवशी दिलं. बदल्यात तेवढ्या लाकडाची किंमत द्यायची. दिली.

पहिल्या मजल्यावरच्या काकू हे ऐकून वर आल्या. त्यांची दोन्ही मुलं परदेशात. त्यांच्या दारावरही रेघा आहेत, त्यांना चौकट नको, ठेवायला जागा नाही. पण ट्रेसिंगची गुंडाळी उरली आहे का, असं विचारत होत्या. मी आणि थोरली संध्याकाळी खाली जाऊन त्यांच्या रेघा उतरवून आलो. काकू प्रत्येक रेघेला काहीतरी सांगत होत्या आणि थोरली ते समासात लिहून घेत होती. एका रेघेबद्दल म्हणाल्या, "त्या दिवशी पुरणपोळी करपली होती", आणि खूप हसल्या.

११ मे, रविवार

उतरवलं.

सकाळी लवकर दोन्ही मुलांना शेवटचं जागेवर मोजलं. सकाळीच मोजायचा हट्ट धाकट्याचा. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. थोरली १५९.५. धाकटा १६०.१. त्याने ताईला ओलांडलं. थोरलीने वही त्याच्या डोक्यावर स्वतः धरली होती आणि रेघही तिनेच मारली, अजिबात खाली न दाबता. बाजूला लिहिलं: "मे २०२५. दादागिरी सुरू." अक्षर तिचं.

कामाचा क्रम, पुढे कुणाला करायचं असेल तर:

आधी दाराचं पान बिजागऱ्यांतून सोडवलं. मग चौकटीच्या कडेने दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर छिन्नीने चार बोटं फोडलं. चौकट भिंतीत लोखंडी होल्डफास्टनी धरलेली असते, प्रत्येक बाजूला तीन सापडले. पहारीने उचकटलं तर लाकूड चिरतं, म्हणून होल्डफास्ट ग्राइंडरने कापले. ठिणग्या लाकडावर उडू नयेत म्हणून मधे ओलं गोणपाट. सासूबाईंना काळजी होती की चौकट काढली की वरची भिंत खाली येईल. दारावर काँक्रीटचा लिंटेल असतो, भिंतीचा भार त्याच्यावर, चौकटीवर नाही. तरी त्या देवघरापाशी बसूनच राहिल्या.

तळाला सुतारकाकांनी फरशीच्या पातळीवर करवत लावली. फरशीखालचं लाकूड काळं पडलेलं होतं, थोडी वाळवीही लागून गेलेली, जुनी. तेवढं तिथेच सोडलं. वरचा सांधा हळूहळू ठोकून सुटला. दोन्ही बाजू अखंड निघाल्या. शंभरची रेघ तपासली: तळ तिथून ९९.४ वर आहे. म्हणजे करवतीत आणि खालच्या सफाईत सहा मिलिमीटर गेले. हे मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं.

धाकट्याने मोकळ्या झालेल्या दारातून उगाचच आत-बाहेर फेऱ्या मारल्या. दार एकदम रुंद वाटत होतं.

२५ मे, रविवार

सामान हलवलं. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, आठवडाभर कोसळतोय. लाकडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा आग्रह टेम्पोवाल्यांचा होता. प्लॅस्टिकमध्ये ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. म्हणून आधी सासूबाईंची जुनी सुती नऊवारी दोन पदरी, तिच्यावर फक्त प्रवासापुरती ताडपत्री, घरात गेल्या गेल्या ताडपत्री काढली. थोरलीच्या मांडीवर एक टोक, माझ्या मांडीवर दुसरं, अशी ती टेम्पोतून आली.

१५ जून, रविवार

भाड्याच्या घरात खिळे ठोकायला मालकांची मनाई आहे. दोन्ही लाकडं आतल्या खोलीत भिंतीशी आडवी, खाली विटा, विटांवर पुठ्ठा, मागे हवा खेळायला जागा. महिन्यातून एकदा वाळवीसाठी बघायचं, ती तारीख दिनदर्शिकेवर टाकली.

उद्या धाकट्याची शाळा. नववी. वह्यांना खाकी कव्हरं घालत बसलो होतो, त्याला आता मदत लागत नाही, तरी बसले. पँट वाढत्या अंगाचीच घेतली आहे, दुमड चार बोटं. मधेच उठून म्हणाला, उद्या शाळा आहे तर मोजायला हवं. लाकूड आडवं. मग भिंतीला कागदाची पट्टी लावून मोजलं आणि माप शंभरच्या रेघेवरून मोजून लाकडावर नेलं. १६०.९. बाजूला काय लिहायचं यावर बराच विचार करून त्याने लिहिलं: "उद्या शाळा. कव्हरं आईने घातली, लेबलं मी."

थोरली ऑगस्टमध्ये होस्टेलला जाणार. तिला ट्रेसिंगच्या गुंडाळीची पूर्ण आकाराची झेरॉक्स हवी आहे. इमारतींचे नकाशे छापणारं दुकान डेक्कनला आहे, तिथे लांब रोलवर निघेल. मूळ गुंडाळी घरी, एक प्रत तिच्याकडे, एक सासूबाईंच्या बहिणीकडे, फोटो आणि तक्ता दोन वेगळ्या ठिकाणी.

उरलेलं काम: नव्या इमारतीच्या नकाशात स्वयंपाकघराचं दार किती रुंद आहे ते वास्तुरचनाकारांना विचारायचं. जुनी लाकडं चौकट म्हणून बसणार नसतील तर भिंतीत खाच ठेवून घ्यायची, आताच सांगितलं तर होईल. "त्या दिवशी" या रकान्यात सासूबाईंकडून चड्डीच्या उरलेल्या दोन जोड्यांचं विचारून लिहायचं. आणि थोरलीला जायच्या आदल्या दिवशी मोजायचं. ती आता वाढणार नाही, तक्त्यावरून दिसतंच आहे, तरी मोजायचं.